सोड म्हटलं की सोडणारा

पिंपरी-चिंचवडच्या चऱ्होलीत टॉवर उभे राहिले तसे कुत्रेही बदलले. सकाळी वाडमुखवाडीपासून आळंदी रस्त्यापर्यंत एक चक्कर मारा. मालकाला फरफटत नेणारा रॉटवायलर, एखादा डॉबरमन आणि हल्ली बेल्जियन मॅलिनॉइसही दिसतो. कुणाचं चाकणला गोडाऊन आहे, कुणाचा मोशीला प्लॉट, कुणाचा गावातच बंगला. राखणीला ‘कडक’ कुत्रं हवं असतं. पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की कुणीतरी सुचवतं, याला अटॅक ट्रेनिंग द्या. मग एक माणूस येतो, कुत्र्याला साखळीने खांबाला बांधतो, गोणपाट फडकावतो, काठी आपटतो. कुत्रं बिथरून भुंकतं आणि मालक कौतुकाने व्हिडिओ काढतो.

तो व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघा. शेपटी पोटाकडे वळलेली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. कुत्रं एक झेप पुढे घेतं आणि लगेच दोन पावलं मागे सरतं. पळायला वाट नाही म्हणून ते दात दाखवतंय. हा प्रकार आठवडाभर चालला की त्याच्या डोक्यात एवढंच पक्कं होतं : अनोळखी माणूस म्हणजे संकट, आणि दात दाखवले की संकट टळतं. पुढे तो अनोळखी माणूस सिलिंडर आणणारा असतो, कुरिअरवाला असतो, नाहीतर चेंडू शोधत फाटकातून आत आलेली शेजारची मुलगी असते.

ज्याला प्रोटेक्शन स्पोर्ट म्हणतात तो खेळ या गोणपाट-काठीच्या तमाशापासून फार लांबचा आहे. त्याचं मूळ जर्मनीत. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने 1899 मध्ये जर्मन शेफर्डची संस्था काढली. पैदाशीला कोणता कुत्रा घ्यायचा हे नुसत्या रूपावर ठरू नये, त्याची अक्कल, हिंमत आणि ऐकण्याची तयारी तपासली जावी, हा तिचा आग्रह. त्या आग्रहातून ‘शुट्झहुंड’ ही कसोटी घडत गेली. आज तिचं आंतरराष्ट्रीय रूप आयजीपी या नावाने ओळखलं जातं. त्यात तीन भाग असतात : माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकाला 100 गुण, आणि पास व्हायला प्रत्येकात किमान 70. म्हणजे चाव्यात कितीही तरबेज असला तरी शेतातला माग काढता आला नाही तर कुत्रा नापास.

आणखी एक नियम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याभोवती फिरतं. हेल्परच्या, म्हणजे कुत्र्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या, हातातली बाही (स्लीव्ह) पकडल्यावर मालकाने ‘सोड’ म्हटलं की कुत्र्याने सोडायचं. पहिल्या आज्ञेला सोडली नाही तर गुण जातात. आणखी दोनदा सांगता येतं. तरीही सोडली नाही तर कुत्रा थेट बाद, आधी मिळवलेल्या गुणांसकट. तगड्या जातीच्या कुत्र्याला पकडायला शिकवावं लागत नाही, ते त्याच्या रक्तातच असतं. मेहनत असते ती सोडण्यात.

सुरुवात पिल्लापासून. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं 2017 च्या पैदास नियमांनुसार बेकायदा आहे, तेव्हा चाळीस दिवसांचं पिल्लू हातात देणाऱ्याकडून उठून या. ‘इम्पोर्ट लाइन’ आणि आजोबांच्या पदकांच्या गोष्टी सगळेच सांगतात. तुम्ही आई बघा. अनोळखी माणूस अंगणात आल्यावर ती काय करते? जवळ येऊन हुंगते आणि आपल्या कामाला लागते, तर उत्तम. खाटेखाली जाऊन तिथून गुरगुरते, तर पिल्लं कितीही गोंडस असोत, नको म्हणा. पिल्लांजवळ किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाका. दचकून मागे गेलेलं पिल्लू पाच-दहा सेकंदांत चौकशीला परत येतं का, ते बघा. दचकण्यात काही वावगं नाही. परत न येणारं पिल्लू मात्र या खेळाचं नाही.

जात ठरवताना कायद्याकडेही लक्ष असू द्या. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च 2024 मध्ये 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं परिपत्रक काढलं होतं. त्यात रॉटवायलर होता. जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि मॅलिनॉइस नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवलं. पण असा विषय एकदा निघाला की पुन्हा निघतो. रॉट घेणार असाल तर कागदपत्रं, मायक्रोचिप आणि महापालिकेचा परवाना पहिल्या दिवसापासून चोख ठेवा. माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने मॅलिनॉइस घेऊ नये. रोज दोन तास देऊ न शकणाऱ्या घरात तो सोफा खातो, आणि सोफा संपला की भिंतीचा गिलावा.

पहिलं वर्ष चाव्याचं नाही. आयजीपीत उतरण्याआधी कुत्र्याला बीएच नावाची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते, आणि ती वयाच्या 15 महिन्यांआधी देताच येत नाही. तिच्या एका भागात कुत्र्याला चक्क रस्त्यावर नेतात. सायकलवाला जवळून जातो, गाडीचं दार आपटतं, पळणारा माणूस घासून जातो, दुसरा कुत्रा समोरून येतो. मालक त्याला बांधून नजरेआड होतो. कुत्र्याने हे सगळं ढिम्म राहून बघायचं.

या परीक्षेच्या तयारीला चऱ्होलीसारखं गाव शोधून सापडणार नाही. लोहगावच्या तळावरून उडणाऱ्या सुखोईंचा गडगडाट आहे. लग्नसराईत आळंदी रस्त्याच्या लॉन्सवर डीजे आणि फटाके आहेत. चाकणकडे जाणाऱ्या ट्रेलरचे हॉर्न आहेत. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीतून निघते, तेव्हा दिघीपर्यंतचा रस्ता टाळ-मृदंगाने भरलेला असतो. पिल्लाला या आवाजांच्या पुरेसं लांब उभं करा. पुरेसं म्हणजे किती? तो तुमच्या हातातला खाऊ मजेत खाऊ शकेल इतकं. खाऊ नाकारला की तुम्ही फार जवळ आलात, मागे सरका. आठवड्या-आठवड्याने अंतर कमी करा. गर्दीच्या मधोमध नेऊन ‘होईल सवय’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. वाईट सवयही अशीच होते. आयजीपीच्या आज्ञापालनात पाठीमागे बंदुकीचे बार काढले जातात, त्यामुळे आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याची वाट तिथेच अडते.

या वर्षात कुंपणापलीकडच्या माणसावर कुत्र्याला ‘छू’ करणं घरातल्या सगळ्यांना बंद. गंमत म्हणूनसुद्धा. कच्चं मटण दिलं की कुत्रा तिखट होतो आणि अंधारात बांधला की कडक होतो, हे गावोगावचे सल्लेही सोडून द्या. अंधारात बांधलेला कुत्रा फक्त वेडापिसा होतो.

माग काढणं हा भाग आपल्याकडे सगळे टाळतात, कारण त्याचा व्हिडिओ चांगला येत नाही. खरं तर महाराष्ट्राने ज्या कुत्र्याला मानाने निरोप दिला त्याची कीर्ती नाकाचीच होती. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर, लॅब्राडोर, पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने 3 हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. 2000 मध्ये तो गेला तेव्हा त्याला सलामी देऊन निरोप दिला गेला. त्याचं काम स्फोटकांचं, आपलं मागाचं, पण नाक वापरणारं कुत्रं डोकं थंड ठेवतं हे दोन्हीकडे सारखंच. संरक्षणाच्या कामात तापणाऱ्या कुत्र्याला माग म्हणजे उतारा.

नदीकडच्या बाजूला अजून नांगरलेली रानं शिल्लक आहेत. रानाच्या मालकाची परवानगी घ्या आणि सकाळी दव असताना जा. पाऊलभर अंतराने, टाच दाबत, वीस पावलं सरळ चाला. प्रत्येक पावलाच्या ठशात उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा ठेवा आणि लांबच्या बाजूने परत या. मग दहा मीटरच्या दोरीवर कुत्र्याला पहिल्या ठशापाशी आणा आणि गप्प बसा. नाक ढेकळात खुपसून तो एकेक ठसा तपासत जाईल. त्याला तुमच्या अंगाच्या वासाबरोबरच दबलेली माती आणि चिरडलेलं गवत यांचा वास येत असतो. दोन ठशांमधल्या कोऱ्या मातीला तो वास नाही हे तो स्वतःच शोधून काढतो. घाईने ठसे गाळायला लागला तर दोरी आखडू नका, दुसऱ्या दिवशी पावलं आणखी जवळ टाका. हळूहळू खाऊ विरळ होतो, वळणं येतात, माग शिळा होत जातो. आयजीपीच्या पहिल्या श्रेणीत मालकानेच टाकलेला 300 पावलांचा, वीस मिनिटं शिळा माग असतो. तिसऱ्या श्रेणीत परक्या माणसाचा 600 पावलांचा, तासभर शिळा. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, तेव्हा गवताळ पडीक रान बरं. मात्र घरी आल्यावर कानाच्या आत आणि पंजाच्या बोटांमध्ये गोचीड शोधल्याशिवाय कुत्र्याला आत घेऊ नका. गोचीड-तापाने पेशी पडून चांगले कुत्रे गेलेले आहेत. तहानलेल्या कुत्र्याला इंद्रायणीवरही सोडू नका. आळंदीजवळ पाण्यावर साबणासारखा फेस तरंगतो तो सगळ्यांनी पाहिलाय. पाणी घरून न्या.

आता पकड आणि सोड. साहित्य साधं आहे. गोणपाटाची मनगटाएवढी घट्ट गुंडाळी, टोकांना दोरीची मूठ, अशा दोन गुंडाळ्या करा. पिल्लू असताना गुंडाळी जमिनीलगत, त्याच्यापासून लांब पळवा. तोंडासमोर आणून नाचवू नका, शिकार कधी शिकाऱ्याच्या तोंडात चालत येत नसते. त्याने धरली की खाली वाकून बघा. गुंडाळी दाढांपर्यंत गेलीय, तोंड गप्प आहे, डोळे शांत आहेत, ही चांगली पकड. पुढच्या दातांनी धरून चघळतोय, गुरगुरतोय, तर तो साशंक आहे. तेव्हा जोर लावून ओढू नका. थोडी ढील द्या. तो पुढे सरकून खोल पकडेल, त्याच क्षणी गुंडाळी सोडून द्या. तोंडात ती घेऊन त्याला ऐटीत एक फेरी मारू द्या. चार ते सात महिन्यांच्या दरम्यान दात बदलतात, तेवढा काळ हा खेळ बंद. हिरडी दुखली की त्याला वाटतं पकडणंच दुखतं.

सोडणं असं शिकवा. कुत्रा पकडून ओढत असताना गुंडाळी दोन्ही हातांनी आपल्या गुडघ्याशी दाबून धरा आणि पुतळ्यासारखे थांबा. बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. तो आधी जास्त ओढेल, मग डोकं झटकेल, मग थांबून तुमच्याकडे बघेल. मेलेल्या शिकारीत मजा नाही हे त्याला उमगायला पहिल्या दिवशी दोन मिनिटंही लागतील. जबडा सैल पडतो तेव्हा आधी ओठाची कड हलते, मग जीभ दिसते. तोंड सुटलं त्या क्षणी ‘हां!’ म्हणा आणि गुंडाळी लगेच पुन्हा जिवंत करा, पुन्हा पकडू द्या. इथे बहुतेकांचं चुकतं. कुत्र्याने सोडली की ते गुंडाळी काढून घेतात, खेळ संपवतात. म्हणजे कुत्रा शिकतो, सोडलं की गमावलं. पुढच्या वेळी तो अधिक घट्ट धरतो. दहापैकी नऊ वेळा सोडल्याचं बक्षीस पुन्हा पकडणं हेच असलं पाहिजे. तुम्ही थांबताच तो आपोआप सोडू लागला की मगच शब्द आणा : ‘सोड’, एकदा, सरळ आवाजात, आणि त्यानंतर थांबा. त्यापुढची पायरी सोडून बसणं, त्यापुढची बसून तुमच्या तोंडाकडे बघत राहणं.

नाकावर मारणं, कान पिळणं, पट्ट्याने गळा आवळणं, हे उपाय अजूनही सांगितले जातात. तगडा कुत्रा दुखावला की जबडा आणखी मिटतो, तेव्हा या उपायांनी नेमकं उलटं घडतं. विजेच्या पट्ट्याबद्दलही लोक विचारतात. सोडणं म्हणजे काय हेच ज्याला अजून कळलेलं नाही, त्याला झटका देऊन ते कळत नाही.

वर्ष-सव्वा वर्षाचा झाला, माणसांत शांत आहे, सोडणं पक्कं आहे, मगच हेल्पर. बाही घालून समोर उभा राहणारा हा माणूस या खेळातला खरा गुरू. मालकाला वाटतं कुत्रा लढतोय, प्रत्यक्षात हेल्पर त्याला इंचाइंचाने वाचत असतो. कुत्र्याने खोल पकड घेतली की हेल्पर ढिला पडतो, कचरला की दबाव कमी करतो, हिंमत दाखवली की मागे हटतो. कुत्र्याला रोज थोडंसं जिंकवणं हे त्याचं कसब. दिघी, विश्रांतवाडी, खडकी भागात लष्कराच्या किंवा पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेली माणसं भेटतात. त्यांना कुत्र्याची समज असते, पण कर्तव्यावरचं काम वेगळं आणि खेळ वेगळा, तेव्हा खेळाचे नियम त्यांना ठाऊक आहेत का हे विचारा. हेल्पर ठरवण्याआधी त्याला दुसऱ्यांच्या कुत्र्यांबरोबर काम करताना बघा. काम संपल्यावर ते कुत्रे त्याच्याजवळ शेपटी हलवत जातात का? पहिल्याच दिवशी काठी उगारणाऱ्याला, ‘महिन्यात तयार करून देतो’ म्हणणाऱ्याला आणि ‘कुत्रं माझ्याकडे ठेवून जा’ सांगणाऱ्याला नमस्कार करून घरी या.

मैदानावरचा माझ्या लेखी सर्वांत कस पाहणारा क्षण चाव्याचा नाहीच. मैदानात सहा लपणं असतात. वरच्या श्रेणीत कुत्रा एकेक लपण धुंडत जातो आणि शेवटच्यात त्याला हेल्पर सापडतो, हाताच्या अंतरावर, बाही घातलेला, निश्चल. कुत्र्याने समोर उभं राहून भुंकायचं. स्पर्श करायचा नाही. माणूस हलत नाही तोवर दात लावायचे नाहीत. अंगात एवढी रग असून ती आवरून धरणारा कुत्रा बघितला की गोणपाटावर पिसाळणाऱ्या कुत्र्याचं कौतुक आपोआप उतरतं.

उन्हाचं गणित वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. काळ्या अंगाचा रॉट आणि डॉबरमन लवकर तापतात आणि खेळाच्या धुंदीत थांबत नाहीत. थांबवायचं तुम्ही. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय, हिरड्या लालभडक, पावलं अडखळतायत, तर तिथल्या तिथे सावलीत न्या, पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि भिजवतच डॉक्टरकडे निघा. अंगाचं तापमान 41 अंशांच्या वर गेलं की हातात मिनिटंच असतात. भरल्या पोटी उड्या मारल्याने मोठ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडू शकतो. कामाआधी दोन तास आणि नंतर तासभर जेवण नको. हाडं भरेपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंत, उंच उड्याही नकोत. तोवर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

कागदपत्रांकडे लोक शेवटी बघतात, आणि ते पोलीस दारात आल्यावर. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा श्वान परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस यांत खंड नको. पाळीव प्राण्यामुळे माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आमचा ट्रेन केलेला आहे’ हा बचाव होत नाही, उलट त्याची ताकद तुम्हाला माहीत होती असंच त्यातून दिसतं. लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये आखूड पट्टा ठेवा, गर्दीत जाळीचं मुसकं लावा. मुसक्याची सवय पिल्लू असतानाच, त्यात खाऊ टाकून लावली की पुढे झटापट होत नाही. सरावात किंवा घरात कुणालाही दात लागलाच, अगदी लस घेतलेल्या आपल्याच कुत्र्याचा, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात रेबीजची लस मिळते. हळद, चुना, तंबाखू असलं काही जखमेवर लावू नका.

घरातल्या सगळ्यांची तालीमही यातच येते. कुत्रा फक्त तुमचंच ऐकतो यात मिरवण्यासारखं काही नाही. तुम्ही रात्रपाळीला चाकणला असताना घरी आई-वडील आणि मुलं असतात. ‘बस’, ‘सोड’, ‘जागेवर’ या तीन आज्ञा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने रोज एकदा तरी द्याव्यात आणि पाळल्यावर खाऊही त्यांनीच द्यावा. मुलांनी गुंडाळीचा खेळ खेळू नये.

आणि गोडाऊनची राखण हाच मूळ हेतू असेल तर या सगळ्यात पडू नका. तिथे भुंकणारं कुत्रं, उजेड, कॅमेरा आणि जागा राहणारा वॉचमन पुरतो. खेळासाठी घडवलेला कुत्रा रात्री एकटा साखळीला बांधला की काही महिन्यांत त्याची सगळी शिस्त जाते आणि दात तेवढे राहतात.

सगळं नीट करूनही काही कुत्रे संरक्षणाला लायक निघत नाहीत. हेल्पर समोर आला की पकड दर आठवड्याला उथळ होत जाते, घरी परतल्यावरही कुत्रा तासन् तास शांत होत नाही, रस्त्यावरच्या माणसांकडे रोखून बघायला लागतो. या तिन्हींपैकी एकही खूण टिकून राहिली तर बाहीचं काम तिथेच थांबवा. हेल्पर बदलून बघण्याचा मोहही नको. त्या कुत्र्याबरोबर माग आणि आज्ञापालन चालू ठेवा. आयजीपीच्या व्यवस्थेत नुसत्या मागाच्या आणि नुसत्या आज्ञापालनाच्याही स्वतंत्र परीक्षा आहेत.